गाल बसले तेव्हा रिपोर्ट चांगला होता

माझे गाल आत जायला लागले त्याच वर्षी माझं रक्त सुधारत होतं. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे, आणि हीच गोष्ट लोकांना पटवता पटवता माझी अर्धी ताकद गेलीय. सीडी फोर, म्हणजे एचआयव्ही ज्या पांढऱ्या पेशी मारतो त्यांचा रक्तातला आकडा, वर चाललेला, ताप थांबलेला, तोंडातली पांढरी बुरशी गेलेली, रात्री घामानं गादी भिजायची ते बंद, दोन भाकरी आरामात जायच्या, आणि बाजारपेठेत ज्या दुकानात पाय टाकावा तिथं एकच, "वहिनी, लई खंगलाय की हो, दवाखान्यात दाखवलं का न्हाई?"

मी पिग्मी एजंट आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पतसंस्थेसाठी रोज संध्याकाळी दुकानादुकानातून पैसे गोळा करायचे, कुणाचे वीस, कुणाचे पन्नास, कुणाचे पाचशे, मशीनमधून पावती काढून द्यायची आणि पुढच्या दुकानात जायचं. सांगली जिल्ह्यातल्या विट्यासारख्या गावात हा धंदा चालतो तो ओळखीवर. ऑफिसात बसणाऱ्या माणसाला कोपऱ्यातली खुर्ची तरी धरता येते, मला रोज त्याच माणसांना तोच चेहरा दाखवावा लागतो, आणि दुकानदारांना गिऱ्हाईक नसताना दुसरं कामच काय असतं, समोर आलेल्याचं निरीक्षण. किराणावाला म्हणायचा खात जावा. मेडिकलवाला काही म्हणायचा नाही, नुसता बघायचा, आणि ते जास्त लागायचं. भांड्याच्या दुकानातल्या काकांनी एकदा सरळच विचारलं, "दाढा काढल्या का काय सगळ्या?" माझे दात सगळेच्या सगळे जागेवर आहेत, आजही.

नाव सांगणार नाही, समजून घ्या. मला एचआयव्ही आहे. मालक गलाईच्या धंद्यात होते. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं पिढ्यानपिढ्या ह्या धंद्यात आहेत, जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाब वापरून शुद्ध करायचं, सोनाराच्या दुकानातली झाडलेली मातीसुद्धा विकत घेऊन तिच्यातला कण न कण काढायचा. भारतातल्या कुठल्याही मोठ्या सराफ कट्ट्यावर जा, आमच्याकडचा एखादा तरी गलाईवाला सापडेल आणि तुमचं गाव विचारून चहा पाजेल. मालक तमिळनाडूत होते, लग्नानंतर काही वर्षं मीपण तिकडं होते, माझं तोडकंमोडकं तमिळ तिथलंच. ते गेले तेव्हा सरकारी औषध आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्यांच्याबद्दल मी इथं लिहिणार नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्यातलं बरंचसं माझं मलाच ठेवायचंय.

सरकारनं फुकट एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू केली 1 एप्रिल 2004 ला, देशभरात मिळून फक्त आठ सरकारी हॉस्पिटलांत, मुंबईचं जेजे त्यातलं एक. मग हळूहळू जिल्ह्यांत सेंटरं निघाली. माझं औषध चालू झालं 2006 मध्ये. तेव्हा नियम साधारण असा की सीडी फोर दोनशेच्या खाली गेल्याशिवाय औषध द्यायचं नाही, म्हणजे बऱ्यापैकी आजारी पडल्यावरच नंबर लागायचा. माझा खालीच होता. गोळी तीन औषधांची मिळून एक, सकाळ-संध्याकाळ. त्यातल्या दोन औषधांत बदल नव्हता, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन. तिसऱ्यात दोन पर्याय होते, झिडोव्हुडिन नाहीतर स्टॅव्हुडिन. झिडोव्हुडिननं रक्त कमी होतं म्हणून ज्याचं हिमोग्लोबिन बरं त्याला ते, आणि ज्याचं कमी त्याला स्टॅव्हुडिन. आता आमच्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन किती असतं हे सांगायला डॉक्टर लागत नाही. सगळ्यांचं जेवण झाल्यावर पातेल्यात जे उरेल त्यावर काढलेली वर्षं, त्यात बाळंतपणं, पाळी. मला स्टॅव्हुडिन मिळालं. गाल गेले ते ह्या एका रिपोर्टपायी, असं मी पुढं बरीच वर्षं मनात धरून होते आणि हिशोब बघितला तर तसं बऱ्याच अंशी खरंही आहे.

आधी तर चमत्कारच झाला. सहा-आठ महिन्यांत मी उभी राहिले. वजन वाढलं, केस गळायचे थांबले, आई म्हणाली देवानं परत दिली. आणि मग साधारण दीड वर्षानं चेहऱ्याचं चालू झालं. एका दिवसात काही होत नाही, आरशात रोज बघणाऱ्याला तर कळतच नाही, बाहेरून येणाऱ्याला आधी कळतं. माझी नणंद दिवाळीला आली आणि दारातच थबकली. आधी कानशिलं आत गेली, मग गालाच्या मधोमध खड्डा पडला, आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी खाली येणाऱ्या रेघा अशा खोल झाल्या की मी गप्प बसले तरी लोकांना वाटायचं रागावलीय. पस्तिशीची बाई पंचावन्नची दिसायला लागले.

गालांचं सगळ्यांना दिसतं म्हणून त्याचंच बोलणं होतं, पण खरा त्रास बाकीच्या अंगाचा. हातापायांवरची चरबी गेली आणि शिरा अशा वर आल्या की रक्त काढणारी सिस्टर खूश व्हायची, तिला शोधावं लागायचं नाही. बुडाखालचं सगळं मांस गेल्यासारखं झालं. मांस नाही म्हणा, ती चरबीच असते, पण बसल्यावर हाड थेट जमिनीला टेकतं तेव्हा हा फरक कोण करत बसतं. पंगतीत बसणं नको वाटायला लागलं. हरिनाम सप्ताहात तासभर बसायचं म्हणजे मी शाल घडी करून खाली घ्यायचे, बायका बघायच्या की ही काय म्हातारी झाली का. वडापमध्ये मागच्या बाकावर बसून खड्ड्यातनं जायचं म्हणजे माकडहाड नुसतं ठणकायचं. तळपायांना मुंग्या आणि आग, तीपण ह्याच औषधाची देणगी, नसांवर परिणाम होतो त्यानं. हिवाळ्यात थंडी इतकी वाजायची की घरात मी एकटी स्वेटर घालून बसलेली, बाकीचे पंख्याखाली.

आणि एवढं सगळं अंगावरून जात असताना पोट मात्र सुटलं. हे कुणालाच समजावून सांगता येत नाही. हात काटकुळे, पाय काटकुळे, चेहरा खप्पड आणि पोट पाचव्या महिन्यासारखं. विधवा बाईचं पोट दिसायला लागलं की गावात काय चर्चा होते ते मी लिहायची गरज नाही. काहींच्या मानेमागं चरबीचा गोळा येतो, माझ्या तसं झालं नाही, तेवढं नशीब. ब्लाऊजची तऱ्हा तर विचारू नका. माझ्या टेलरबाई गेली कित्येक वर्षं माझं शिवतात, वहीत माप लिहिलेलं असतं त्यांच्या. एकदा टेप दंडाभोवती लावला आणि वहीत बघितलं, परत लावला, काही बोलल्या नाहीत, फक्त बाहीला आतून जाड अस्तर लावून दिलं की दंड भरल्यासारखा दिसावा. मी मागितलं नव्हतं. त्यानंतर दरवेळी न सांगता तसंच. त्यांना माझं काय ते माहीत आहे का नाही हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, मी विचारलं नाही आणि त्यांनीपण नाही.

आईला माहीत होतं. आई म्हणजे मग तिनं मोहीमच काढली, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, रोज दोन अंडी, भातावर तूप असं की भात दिसायचा नाही. "अंगाला लागत कसं न्हाई बघते मी." लागलं, पण जिथं लागायला हवं तिथं नाही. ज्या पेशींनी चरबी साठवायची त्याच मेलेल्या, मग खाल्लेलं जाणार कुठं, ते गेलं पोटात, लिव्हरमध्ये आणि रक्तात. ट्रायग्लिसराईडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, रिपोर्ट आला तो बघून डॉक्टरांनी विचारलं की काय खाता, मी खरं सांगितलं, ते हसायला लागले आणि मग गंभीर झाले. आईला लाडू बंद करायला सांगणं हे मला एचआयव्ही झालाय हे सांगण्यापेक्षा अवघड गेलं, खरंच सांगते. तिच्या डोक्यात हिशोब साधा होता की पोरगी वाळतीय म्हणजे पोरीला खायला पाहिजे, आणि मी तिला सांगत होते की मी वाळतीय आणि मला तूप बंद आहे.

ह्या सगळ्याला लायपोडिस्ट्रॉफी म्हणतात आणि नुसती चरबी जाते त्याला लायपोॲट्रोफी, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. पहिल्यांदा तक्रार घेऊन गेले तेव्हा तिथल्या एका डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "जिवंत आहात ना? मग झालं." मी उठून आले. बाहेर आल्यावर वाटलं की खरं तेच बोलले ते, मालक ह्याच्याआधीच गेले, मी आहे. आणि तरी दोन दिवस ते वाक्य डोक्यातनं जाईना. पुढं एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. म्हणाल्या, पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, शाळेत शिकलात ना, पेशीचं पॉवरहाऊस. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि त्याची कॉपी करणारं एक एन्झाईम असतं, झेरॉक्सचं मशीनच म्हणा. स्टॅव्हुडिन व्हायरसचं कॉपी काढणं बंद पाडतं, त्यासाठीच ते दिलंय, पण जाता जाता हे मशीनपण बिघडवतं. मग पॉवरहाऊस कमी होत जातात, पेशी थकतात आणि मरतात. चरबीच्या पेशींना त्याचा फटका जास्त, म्हणून हातापायांची आणि चेहऱ्याची कातडीखालची चरबी आधी जाते. आजारानं चरबी जात नाही का, मी विचारलं. जाते, त्याचापण थोडा हात असतो, पण तुमच्या केसमध्ये मुख्य हे औषध, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. उपाय त्यांच्याकडंपण नव्हता, पण माझ्या चेहऱ्याचं काय चाललंय हे त्यांनी मला माझ्या भाषेत सांगितलं.

त्यानंतर मी मुलीच्या मोबाईलवर आणि नंतर माझ्या स्वतःच्या मोबाईलवर वाचत गेले, इंग्रजी अडखळत का होईना. 1998 मध्येच सिडनीच्या डॉक्टरांनी एचआयव्हीच्या पेशंटांमधला हा प्रकार लिहून ठेवला होता. सुरुवातीला त्यांचा संशय दुसऱ्याच एका जातीच्या औषधांवर होता, मग कळलं की चरबी जाण्यामागं स्टॅव्हुडिन आणि थोड्या प्रमाणात झिडोव्हुडिन. म्हणजे मला गोळी मिळाली तोवर हे जगाला माहीत होतं, आणि श्रीमंत देशांत स्टॅव्हुडिन मागं पडायला लागलं होतं. मग मला का दिलं? स्वस्त होतं म्हणून. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा खरा राग आला. कुणावर ते कळेना.

कारण ह्याची दुसरी बाजू मला चांगली माहीत आहे. परदेशात ह्या औषधांचा वर्षाचा खर्च माणशी दहा-पंधरा हजार डॉलर होता तेव्हा फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्लाच्या डॉ. यूसुफ हमीद यांनी डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेला वर्षाला 350 डॉलरचा भाव सांगितला, म्हणजे दिवसाला डॉलरपेक्षा कमी, आणि सगळ्या जगातल्या कंपन्यांची झोप उडाली. मुंबईची कंपनी. त्या स्वस्त तीन-औषधी गोळीत स्टॅव्हुडिनच होतं. ते महाग असतं तर सरकारनं फुकट वाटलं नसतं, आफ्रिकेतल्या लाखो माणसांना मिळालं नसतं, मला मिळालं नसतं, आणि मग गाल शाबूत ठेवून मी मालकांच्या मागं गेले असते. हे मला कळतं. पण कळलं म्हणून राग जातो असं नाही, दोन्ही राहतं. लोक म्हणतात कृतज्ञ असावं. आहे की! रोज रात्री गोळी घेताना असते आणि सकाळी तोंड धुताना नसते, एवढंच.

सेंटरच्या रांगेतलं सांगते. महिन्याला औषध आणायला जावं लागायचं, सकाळी सातची एसटी धरली तर दुपारपर्यंत नंबर. सुरुवातीला तिथं सगळे एकमेकांची नजर चुकवून बसायचे, कुणी गावाकडचं दिसू नये म्हणून. दोन-तीन वर्षांनी अशी वेळ आली की आम्ही रांगेत सगळे एकमेकांच्या नात्यातले दिसायला लागलो. तीच कानशिलं, तेच खड्डे, त्याच हातावरच्या शिरा. पुरुषांनी दाढ्या वाढवल्या, दाढीत गाल झाकतो. बायकांनी काय करायचं, पदर पुढं ओढायचा, तोपण एका बाजूनंच झाकतो. एक म्हातारे ड्रायव्हर होते, ते म्हणायचे, "इथं केसपेपर कशाला पाहिजे, तोंड दाखवलं की झालं." आम्ही हसायचो. तेवढं हसायला ती एकच जागा होती.

रांगेबाहेर मात्र ह्याच गोष्टीचं हसू येत नव्हतं. एकदा रेवणसिद्धाच्या दर्शनाला गेले होते, गर्दीत समोर एक बाई उभी, कडेवर नातू, आणि तिचे गाल बघितले आणि मला कळलं. तिनं माझे बघितले, तिलापण कळलं. कधी भेटलो नाही, नाव माहीत नाही, आणि एकमेकींचं सगळ्यात मोठं गुपित आम्हाला सेकंदात कळलं. तिनं मान वळवली. मीपण. मग मला वाटत राहिलं की हे तिला कळतं तर आणखी कुणाकुणाला कळत असेल. जिल्ह्यातल्या नर्सना कळतं, मेडिकलवाल्याला कळतंच कळतं, ज्याच्या घरात कुणी ह्या आजाराचं आहे त्याला कळतं. सांगलीसारख्या जिल्ह्यात अशी घरं कमी नव्हती.

पुढं कायदा आला, 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा, लागू झाला 10 सप्टेंबर 2018 पासून. चांगला कायदा आहे, मी पूर्ण वाचलाय. माझ्या लेखी परवानगीशिवाय माझं स्टेटस कुणाला सांगता येत नाही, नोकरीवरून काढता येत नाही, घर नाकारता येत नाही. सेंटरवर त्याचा बोर्डपण लागला. मी तो बोर्ड वाचत उभी होते आणि मला वाटलं, फाईल कुलपात ठेवाल, रजिस्टर कुलपात ठेवाल, माझं तोंड कुठं ठेवाल? सांगायचं का नाही हा माझा हक्क, बरोबर, पण मी ठरवायच्या आधीच चेहरा बोलून मोकळा. आणि बोलतो तेपण चुकीचं. चेहरा म्हणतो ही बाई मरायला टेकलीय, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस मोजणारा रिपोर्ट, म्हणतो सापडतच नाही. ज्याचा व्हायरल लोड सापडत नाही त्याच्यापासून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही हे आता जगभर मान्य झालंय. ते माझ्या गालावर कुठं लिहिलेलं नाही.

म्हणून मग खोटं बोलणं आलं. माझ्या आत्यांनी, सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, त्यांनी सगळ्या भावकीत सांगून ठेवलं होतं की गलाईच्या धुरानं झालं, तेजाबाचा धूर लई वाईट, पोरालापण त्यानंच नेलं. आमच्या भागात हे सहज पटतं, धूर खाऊन छातीनं गेलेली माणसं खरंच आहेत. आत्यांनी हे माझ्यासाठी केलं का मुलाच्या नावासाठी हे मी कधी उकरलं नाही. दोन्हीसाठी असेल. त्यांनी मला घराबाहेर काढलं नाही हे मी विसरत नाही, कपबशी दोन वर्षं वेगळी ठेवली होती हेपण विसरत नाही.

माझं औषध बदललं 2012 मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर 2009 मध्येच सगळ्या देशांना सांगितलं होतं की स्टॅव्हुडिन टप्प्याटप्प्यानं बंद करा, ह्याचे दुष्परिणाम दीर्घकाळ राहतात आणि भरून येत नाहीत. पण लाखो पेशंटांचं औषध बदलायचं म्हणजे नवीन गोळ्यांचे पैसे, खरेदी, साठा, सगळं आलं, त्यात वर्षं गेली. टेनोफोव्हिर चालू झालं आणि मी रोज दंडाला हात लावून बघायला लागले. हातापायांना थोडं आलं परत, फार सावकाश, इतकं सावकाश की टेलरबाईंच्या वहीतच काय ते कळायचं. मुंग्या कमी झाल्या, गेल्या नाहीत. गाल आले नाहीत. पेशी मेल्या त्या मेल्या.

मधल्या काळात आधार कार्ड निघालं. फोटो काढणारा पोरगा म्हणाला, "मावशी, गाल जरा फुगवा की." फुगवले. मशीननं फोटो घेतला नाही, तोंड बंद करा, सरळ बघा. शेवटी आहे तसा निघाला. आता तो बँकेत, रेशनला, हॉस्पिटलला, सगळीकडं माझ्यासोबत फिरतो.

आणि मग कोरोना आला. हे बोलायला बरं वाटत नाही, कारण आमच्या ओळखीतली माणसं गेली त्यात, पण मास्कचे ते दिवस मला सुखाचे गेले. डोळे माझे चांगले आहेत, तेवढेच दिसायचे. पतसंस्थेचं कलेक्शन परत चालू झालं तेव्हा मी दुकानात जायची आणि कुणी काही बोलायचं नाही. नवीन उघडलेल्या मोबाईल शॉपीतला पोरगा मला ताई म्हणायला लागला. मास्क सक्ती उठली तेव्हा सगळे म्हणाले सुटलो बाबा एकदाचे, मी पुढं बरेच महिने लावून फिरले, ॲलर्जी आहे म्हणून. ज्या दिवशी काढला त्या दिवशी तोच पोरगा पावती घेताना दोनदा बघून "बसा ना काकू" म्हणाला.

गाल भरता येतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. अमेरिकेत 2004 मध्ये एक इंजेक्शन खास एचआयव्हीवाल्यांच्या बसलेल्या गालांसाठी मंजूर झालं, पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडचं, आणि इंग्लंडमध्ये तर सरकारी दवाखान्यांतून अशी इंजेक्शनं दिली गेली, कारण तिथं हा उपचाराचाच भाग धरला. आपल्याकडं ते सौंदर्य म्हणून मोजलं जातं, म्हणजे खर्च तुमचा. मुलीनं आग्रह केला म्हणून कोल्हापूरला एका स्किनच्या डॉक्टरांकडं जाऊन आले. वेटिंगमध्ये सगळ्या लग्न ठरलेल्या मुली आणि मी. डॉक्टर चांगले होते, स्टेटस सांगितलं तर तोंडावरची माशी हलली नाही. सगळं समजावून सांगितलं, एवढ्या सिरिंज लागतील, साधारण वर्ष-दीड वर्ष टिकतं, मग परत. पोटाची चरबी काढून गालात घालायचापण प्रकार असतो, पण ती राहीलच असं नाही. खर्च ऐकला आणि परत येताना एसटीत पूर्ण वेळ हिशोब करत होते. तेवढ्या पैशात माझी स्कूटी आली. पिग्मी आता दीड तासात उरकते, आधी चालून तीन लागायचे, आणि सीटवर मऊ कव्हर टाकून घेतलंय माझ्या हाडांसाठी. मुलगी नाराज झाली. तिला माझे जुने गाल आठवतात, लहानपणी ती ते ओढायची. मला ते आठवून वाईट वाटत नाही असं नाही, पण दर दीड वर्षाला विकत घ्यायचे गाल मला परवडत नाहीत आणि परवडले असते तर घेतले असते, उगाच मोठेपणा कशाला सांगू.

आता सेंटरवर दिवसाला एकच गोळी मिळते, डोल्युटेग्रॅव्हिरवाली. रांगेतली जुनी तोंडं कमी झालीत, काही वारली, काहींनी सेंटर बदललं. नवीन मुलं-मुली येतात, कॉलेजातल्यासारखी दिसणारी, टवटवीत, बाहेर भेटली तर ब्रह्मदेवालापण कळणार नाही. 2017 पासून नियम बदलला, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडी फोर न बघता औषध चालू, त्यामुळं आजारी पडायच्या आधीच गोळी पोटात. मला त्यांचा हेवा वाटतो का? वाटतो. थोडा.

मागच्या वेळी काउन्सेलर ताईंनी मला हाक मारली, एक नवीन लग्न झालेली पोरगी गोळी सोडून बसली होती, तिच्याशी बोला म्हणाल्या. मी तिच्याशेजारी बसले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिचे डोळेच भरले. "मावशी, माझंपण असं होणार?" मी म्हटलं, नाही, तुझं औषध वेगळं आहे, हे त्या जुन्या औषधानं झालं, ते आता कुणाला देतच नाहीत. तिनं विचारलं, "मग तुम्हाला कशाला दिलं?" मी म्हटलं, तेव्हा तेच होतं, स्वस्त होतं, आणि माझं रक्त कमी होतं. तिला ते पुरेसं वाटलं नाही, दिसत होतं तोंडावर. मलापण वाटत नाही. मग बऱ्याच वेळानं, नाक पुसून, तिनं खरं कारण सांगितलं की गोळी का सोडली. चालू केल्यापासून तिचं वजन वाढलं होतं, ह्या नवीन गोळीनं काहींचं वाढतं, आणि लग्नातले सगळे ब्लाऊज दंडाला घट्ट व्हायला लागले, सासू म्हणते कशी सुटलीय बघा.

मी हसले, आवरलंच नाही. तीपण हसली, कशाला ते न कळता. गोळी सोडायची नाही, डॉक्टरांना सांगून शुगर तपासून घे, फरसाण कमी कर, एवढं सगळं सांगितलं आणि निघताना माझ्या टेलरबाईंचा नंबर दिला तिला, त्या जुनी बाही उसवून वाढवूनपण देतात.